साखरेचे वाटेकरी

मुलगी वयात येताना तिच्या शरीरात काय काय बदलतं, याची एक ठरलेली यादी आपल्याकडे शाळेत सांगतात, बहुतेक वेळा मुलग्यांना वर्गाबाहेर पाठवून. त्या यादीत एक गोष्ट मी कधीच ऐकली नाही. योनिमार्गाच्या अस्तरात साखर साठू लागते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलं की ते अस्तर जाड होतं आणि त्याच्या वरच्या थरांतल्या पेशी ग्लायकोजेनने भरून जातात. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून केलेला साठा. यकृतात आणि स्नायूंत असतो तोच. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये तो यकृतातून वेगळा करून दाखवला. यकृतातला साठा उपासाच्या दिवशी कामी येतो, स्नायूंतला गाडी पकडायला धावताना. मग हा तिसरा साठा कुणासाठी? हा प्रश्न मला पडला तेव्हा मी परळच्या बाजूला एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुळले होते, आणि त्या साठ्यावर जगणारा एक परजीवी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली वरचेवर येत होता.

हा साठा डोळ्यांनाही दिसतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की ती निळीकाळी होते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. ग्लायकोजेनवर आयोडीन पडलं की तांबूस तपकिरी रंग येतो. गर्भाशयमुख तपासताना डॉक्टर कधीकधी लुगॉलचं आयोडीन लावतात ते त्यासाठीच. निरोगी, ग्लायकोजेनने भरलेलं अस्तर गडद तपकिरी होतं. जिथे पेशी बिघडल्यात आणि साठा संपलाय तो भाग पिवळट राहतो. एका डॉक्टरबाईंनी मला हे बोलावून दाखवलं होतं. रंग चढत जाताना मी पाहत होते आणि मनात एवढंच आलं की प्रत्येक बाईच्या शरीरात हे असतं, आणि आमच्या घरातल्या कुठल्याच बाईला हे कुणी सांगितलेलं नाही.

साठा कुणासाठी, याचं उत्तर अल्बर्ट डोडेरलाइन या जर्मन डॉक्टरने 1892 मध्ये बरंचसं शोधून ठेवलं होतं. निरोगी बाईच्या योनिमार्गात काठीच्या आकाराचे जीवाणू असतात, आणि ते आम्ल तयार करतात. पुढे त्यांना लॅक्टोबॅसिलस हे नाव मिळालं. दह्यातही याच कुळातले जीवाणू असतात. अस्तरातल्या जुन्या पेशी सतत गळून पडतात, फुटतात, त्यांच्यातलं ग्लायकोजेन मोकळं होतं. त्याचे तुकडे हे जीवाणू खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. त्यामुळे योनिमार्गाचा सामू (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राहतो, आणि एवढ्या आंबट जागी बहुतेक रोगजंतूंचा निभाव लागत नाही.

यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. ग्लायकोजेनचा अख्खा रेणू या जीवाणूंपैकी पुष्कळांना पेलत नाही. तो कापून द्यावा लागतो. आणि तो कापणारं एक एन्झाइम बाईच्या शरीरातलंच असतं: अल्फा अमायलेज. आपल्या थुंकीत असतं, ज्यामुळे पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, त्याच प्रकारचं. योनिमार्गातल्या स्रावात ते असतं आणि त्यातून माल्टोजसारख्या छोट्या शर्करा सुटतात, हे 2014 च्या सुमाराला नीट दाखवलं गेलं. काही लॅक्टोबॅसिलसकडे स्वतःची कापणारी एन्झाइमही आहेत, हे त्यानंतर कळलं. म्हणजे शरीर साठा करतं, शरीरच तो कापायला मदत करतं, जीवाणू खातात, आणि त्या खाण्यातून बाईला संरक्षण मिळतं. वयात आल्यापासून रजोनिवृत्तीपर्यंत हे चालू असतं, बाईला पत्ताही नसताना.

या व्यवस्थेत जो घुसतो त्याचं नाव ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस.

आल्फ्रेड दोने या डॉक्टरने 1836 मध्ये पॅरिसमध्ये बायकांच्या स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात हा जीव वळवळताना पाहिला. त्याआधी तीनच वर्षं, 1833 मध्ये, त्याच देशात पायां आणि पेर्सो या दोघांनी मोड आणलेल्या जवापासून स्टार्चची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला होता. माणसाने वेगळं काढलेलं ते पहिलं एन्झाइम मानतात. या दोन शोधांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी येणं शक्य नव्हतं. तो संबंध जुळायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली. दरम्यान, या परजीवीला कितीतरी काळ निरुपद्रवी समजलं गेलं. बाईला खाज येते, आग होते, हिरवट पिवळा फेसाळ स्राव जातो, दुर्गंधी येते, आणि स्लाइडवर जीव दिसतोय. तरीही हा असाच तिथे राहत असेल, असं म्हणून सोडून दिलं गेलं. बायकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची जगाची गती पाहिली तर मला याचं नवल वाटत नाही, राग मात्र येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायला शिकवावं लागत नाही. साधारण नासपतीच्या फळासारखा दिसणारा, एक मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून थोडा मोठा. पुढच्या टोकाला चार मोकळे कशाभ, म्हणजे चाबकासारखी शेपटं, आणि पाचवा अंगाला चिकटून एका थरथरत्या पडद्याच्या कडेने मागे गेलेला. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत तो झटके देत, गिरक्या घेत फिरतो. पण हे सगळं तो जिवंत असेपर्यंतच. स्राव सलाइनच्या थेंबात मिसळून लगेच पाहायचा असतो. नमुना तासभर पडून राहिला, थंड पडला, की त्याची हालचाल थांबते, आणि थांबलेला ट्रायकोमोनास पांढऱ्या पेशीपासून वेगळा काढणं अनुभवी माणसालाही जड जातं. मुंबईत एखाद्या दवाखान्यात घेतलेला नमुना दुसरीकडच्या प्रयोगशाळेत जातो, वाटेत वाहतूक, मग पोचल्यावर वातानुकूलित खोलीतली रांग. स्लाइड कोरी येते. ही तपासणी वेळेवर केली तरी निम्म्याच्या आसपास रुग्ण तिच्यातून निसटतात, हे पाठ्यपुस्तकातच लिहिलेलं असतं. जनुकं शोधणाऱ्या नव्या चाचण्या कितीतरी अचूक आहेत, पण त्यांचा खर्च बघता सगळीकडे मिळत नाहीत.

तर हा जीव खातो काय?

त्याचं पहिलं उत्तर आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांच्या बाटलीतच होतं. तो वाढवण्यासाठी जे द्रावण वापरतात ते लुई डायमंड यांनी 1957 मध्ये बसवलं. त्यात प्रथिनांचं पाचित, यीस्टचा अर्क आणि साखर म्हणून माल्टोज असतं. माल्टोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेले. ग्लायकोजेन कापलं की जी छोटी शर्करा सुटते तीच. या परजीवीला माल्टोज मानवतं हे तेव्हापासून माहीत होतं. तो माल्टोज आत ओढून घेत नाही, आपल्या अंगाबाहेरच त्याचे दोन भाग करतो आणि मग ग्लुकोज आत घेतो, हे 1990 च्या दशकात दाखवलं गेलं. पण ग्लायकोजेनच्या अवाढव्य रेणूपासून माल्टोजपर्यंत तो पोचतो कसा? बाईच्या अमायलेजने कापून दिलेल्या तुकड्यांवरच अवलंबून असतो, की स्वतःही कापतो?

2007 मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि वाचणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. एका पेशीचा हा जीव, आणि जनुकं पहिल्या अंदाजानुसार सुमारे 60,000. माणसाची वीस हजारांच्या आसपास आहेत. जनुकसंचाचा दोन तृतीयांश भाग त्याच त्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीने भरलेला. आणि त्या पसाऱ्यात ग्लायकोजेन कापू शकतील अशा एन्झाइमच्या जनुकांची रांगच लागलेली. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत आयोवातल्या डे मॉइन विद्यापीठातल्या एका गटाने ही एन्झाइम एकेक करून तपासली, आणि नुसतं ग्लायकोजेन दिलं तरी हा परजीवी त्यावर वाढू शकतो हे दिसलं. तो एन्झाइम अंगाबाहेर सोडतो. जेवण बाहेरच पचवतो आणि पचलेलं आत घेतो.

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण या एन्झाइमांच्या कामाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ग्लायकोजेन हे फांद्या फुटलेलं झुडूप आहे. अल्फा अमायलेज त्यात कुठेही मधेच कापतं. बीटा अमायलेजचं तसं नाही. ते बोरीच्या फांदीला लागलेल्या शेळीसारखं शेंड्याकडून खात येतं, प्रत्येक वेळी ग्लुकोजचे बरोबर दोन रेणू, म्हणजे एक माल्टोज तोडतं, आणि जिथे फांदी फुटते त्या बेचक्याजवळ येऊन थांबतं. त्याला बेचकं ओलांडता येत नाही. ते काम ग्लुकोअमायलेज करतं. तेही शेंड्याकडूनच येतं, पण एकेक ग्लुकोज सोडवत, आणि बेचक्यातली गाठही सोडवू शकतं. ट्रायकोमोनासकडे या सगळ्या तऱ्हेची एन्झाइम आहेत. त्यामुळे झुडपाचं फारसं काही शिल्लक राहत नाही.

बीटा अमायलेजपाशी मी थबकले, कारण हे एन्झाइम माणसाकडे नाही. प्राण्यांकडे सहसा नसतंच. ते वनस्पतींमध्ये असतं. एकादशीला आपण रताळं उकडतो तेव्हा त्याला जी गोडी चढते ती याच एन्झाइममुळे: रताळं हळूहळू तापत असताना त्यातलं बीटा अमायलेज स्टार्चमधून माल्टोज सोडवत राहतं. मोड आणलेल्या जवातही ते असतं. रताळ्यात ज्या जातीचं एन्झाइम आहे त्या जातीचं एन्झाइम बाईच्या शरीरात घर केलेला परजीवी बाळगून आहे, हे वाचलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगत सुटले होते. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी संकोच आला, मग कुतूहल. तो संकोच ओलांडून कुतूहलापर्यंत लोक पोचतात, फक्त कुणीतरी थांबून सांगायला हवं.

अर्थात परजीवीने ग्लायकोजेन बाहेर कापलं तर सुटलेली साखर लॅक्टोबॅसिलसनाही मिळायला हवी. मग तेही वाढायला हवेत. प्रत्यक्षात उलटं दिसतं. हा संसर्ग झालेल्या बायकांमध्ये ते जीवाणू बहुधा कमी झालेले असतात आणि सामू 4.5 च्या वर जातो. एक कारण सरळ आहे: ट्रायकोमोनास जीवाणूंना गिळतो. जीवाणूंच्या भिंती फोडणारी एन्झाइमही त्याच्याकडे आहेत, आणि त्यांची जनुकं त्याने कुठल्यातरी प्राचीन काळी जीवाणूंकडूनच मिळवलेली आहेत. पंगतीतलं अन्न खायचं आणि शेजारी बसलेल्यालाही खायचं, असा हा प्रकार. आम्ल करणारे कमी झाले की जागा त्याच्या सोयीची होते. त्याला सामू 6 च्या आसपास सगळ्यात बरं वाटतं.

आता त्याच्या पोटात गेलेल्या साखरेचं पुढे काय होतं ते पाहू, कारण त्याच वाटेवर त्याचं मरण आहे.

आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, मायटोकाँड्रिया. ट्रायकोमोनासकडे त्या नाहीत. त्यांच्या जागी हायड्रोजनोसोम नावाचे कण आहेत. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, गुरांमध्ये सापडणाऱ्या याच्याच एका भाईबंदात, ते पहिल्यांदा ओळखले गेले. ग्लुकोज फुटून पायरुवेट तयार होतं. त्यातलं काही या कणांत जातं. तिथे ते फोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडे सोपवले जातात आणि शेवटी हायड्रोजन वायू निघतो. ऑक्सिजन न वापरता ऊर्जा मिळवण्याची ही जुनी रीत.

मेट्रोनिडाझोल ही गोळी मुंबईत कुणाला माहीत नाही? पावसाळ्यात पोट बिघडलं, आव पडली, की औषधाच्या दुकानातून जी पट्टी येते ती बहुधा हीच. पण हे औषध मुळात आवेसाठी आलंच नव्हतं. 1959 च्या सुमाराला फ्रान्समध्ये ते तयार झालं ते ट्रायकोमोनाससाठी. आव करणाऱ्या अमीबावर ते चालतं हे नंतर, 1960 च्या दशकात कळलं. गोळीतला रेणू आहे तसा निरुपद्रवी असतो. तो परजीवीच्या आत जातो, फेरेडॉक्सिनपाशी पोचतो, आणि साखरेतून सुटलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजन होण्याऐवजी या रेणूला मिळतात. ते मिळाले की त्याचं विष बनतं आणि परजीवीचा डीएनए तुटतो. आपल्या पेशी त्याला असे इलेक्ट्रॉन देत नाहीत, म्हणून आपण वाचतो. बाईच्या साठ्यातून चोरलेली साखर पचवण्याचं जे यंत्र त्याने उभं केलं, त्या यंत्रातूनच त्याचा घात होतो. इतकी न्यायाची गोष्ट मला रसायनशास्त्रात दुसरी आठवत नाही. काही परजीवींमध्ये ही वाट मंद किंवा बंद झालेली असते आणि त्यांच्यावर गोळी चालत नाही. त्यांचं प्रमाण अजून थोडं आहे.

एवढं सगळं ठाऊक असताना बायका मात्र वर्षानुवर्षं अंगावर काढतात. रिपोर्टच्या खिडकीपाशी डिलाईल रोडच्या चाळीतली एक बाई आली होती. नमुना मीच पाहिला होता. कागद हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, ती सिस्टर म्हणाली किडे झालेत. माझ्या अंगात किडे पडले?"

"नाही हो ताई. डोळ्यांना दिसत नाही एवढा एक जीव असतो तो. गोळ्यांनी जातो."

"मी उष्णता समजत होते. धण्याचं पाणी पीत होते, सब्जा खात होते." मग थोडं थांबून, "आमच्याकडे संडास सामायिक आहे. तिथूनच लागलं असणार, नाही?"

मी लगेच काही बोलले नाही. रिपोर्टचा अर्थ सांगणं डॉक्टरांचं काम, ते मी त्यांच्याकडे सोपवत असे. पण तिच्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो संडासाविषयी नव्हता. ओलसर जागी हा जीव थोडा वेळ तग धरू शकतो हे खरं असलं, तरी प्रत्यक्षात तो पसरतो तो शरीरसंबंधातूनच. तिला खोटं सांगावं असं मला वाटलं नाही. म्हणून मी तिला दुसरी खरी गोष्ट सांगितली: हा संसर्ग काहीही त्रास न देता महिनोन्महिने, कधी वर्षंही शरीरात राहू शकतो. आज सापडला म्हणजे काल लागला असं नाही. कधी लागला, कुणाकडून आला, हे स्लाइडवरून कुणालाच सांगता येत नाही. "म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावू नका, आणि घरी जाऊन भांडणही काढू नका. पण गोळ्या मिस्टरांनीही घ्यायला हव्यात."

"त्यांना तर काही होत नाही."

हेच मुख्य दुखणं. पुरुषांना बहुतेक वेळा काही होत नाही. झालीच तर लघवीला थोडी जळजळ. परजीवी मूत्रमार्गात राहतो, आणि गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या बाईकडे परत येतो. मग ती पुन्हा दवाखान्यात, पुन्हा उष्णता, पुन्हा धण्याचं पाणी. बायकांमध्येही बहुसंख्य जणींना लक्षणं नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 15 ते 49 वयोगटात याचे 15 कोटी 60 लाख नवे संसर्ग झाले. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या रोगांत हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. गरोदरपणात तो असला तर बाळ वेळेआधी जन्मण्याशी त्याचा संबंध आढळतो. आणि एचआयव्ही लागण्याचा धोका त्याने वाढतो, कारण सुजलेलं, खरचटलेलं अस्तर विषाणूला वाट देतं. त्यामुळे कुणी याला 'बायकांचं काहीतरी' म्हणून बाजूला सारलं की मला गप्प बसवत नाही.

याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शरीरसंबंध, गुप्तरोग, बाईची इच्छा याविषयी ते सरळ मराठीत लिहीत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र 1953 पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिलं. मी हे आठवते ते अभिमान म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त यासाठी की शंभर वर्षांपूर्वी गिरगावात जे मोकळेपणाने छापलं जात होतं ते आज रिपोर्टच्या खिडकीपाशी कुजबुजावं लागतं.

सोय नाही असं नाही. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहेत, तिथे सल्ला आणि औषधं फुकट मिळतात. लक्षणांवरून उपचार करायची पद्धत आहे आणि त्यासाठी रंगीत पाकिटं आहेत. स्रावाच्या तक्रारीवर, योनिमार्गाचा दाह असेल तर, हिरवं पाकीट देतात. त्यात मेट्रोनिडाझोलच्याच कुळातलं सेक्निडाझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल असतं. प्रयोगशाळेची वाट न पाहता बाईला औषध मिळतं, ही याची जमेची बाजू. पण जिला लक्षणंच नाहीत ती पाकीट मागायला येणार कशाला? आणि नेमकं काय झालं होतं हे न कळताच ती घरी जाते, हेही मला खुपतं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांना सामावून घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, आणि पाहणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. वस्तीतल्या बाईने वस्तीतल्या बाईला तपासलं तर लाज आडवी येत नाही, हे या शहराने करून दाखवलेलं आहे. त्याच हातांनी स्रावाचा एक नमुना घेणं अवघड का असावं?

त्या बाईने जाताना आणखी एक विचारलं होतं. पुढेही अनेकींनी विचारलं: "गोड बंद करू का?" साखरेचा विषय निघाला की हा प्रश्न येणारच. गरज नाही. अस्तरातलं ग्लायकोजेन इस्ट्रोजेनच्या हुकमावर साठतं, सणाला किती पुरणपोळ्या खाल्ल्या यावर नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर बुरशीचा त्रास वाढतो, ती गोष्ट वेगळी आणि तिच्यासाठी साखर तपासायलाच हवी. पण ट्रायकोमोनासला उपाशी मारण्यासाठी बाईने उपाशी राहायचं काही कारण नाही. तसंच आतून साबणाने, जंतुनाशकाने किंवा जाहिरातीतल्या सुगंधी पाण्याने धुवायचंही नाही. त्याने परजीवी जात नाही, आपले आम्ल करणारे जीवाणू मात्र धुऊन जातात. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता पुरते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरतं, साठा कमी होतो, अस्तर पातळ पडतं. पण म्हणून संसर्ग होत नाही असं समजू नये. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या स्लाइडवरही तो फिरताना मी पाहिलेला आहे, आणि त्या वयाच्या बायकांना हे कुणी विचारतही नाही.

बीटा अमायलेज आपल्याकडे नाही आणि परजीवीकडे आहे, त्यामुळे फक्त तेच अडवणारं औषध आपल्या पेशींना धक्का न लावता त्याचं अन्न तोडेल, असा विचार मनात येतोच. औषधं शोधणारे असा फरक हेरूनच सुरुवात करतात. पण त्याच्याकडे ग्लुकोअमायलेज आहे, अल्फा अमायलेज आहे, शिवाय बाईचं स्वतःचं अमायलेज त्याला आयतं कापून देतंच. एक दार लावलं तर तो दुसऱ्याने आत येईल. एकाच वेळी अनेक दारं लावावी लागतील, आणि तीही लॅक्टोबॅसिलसना उपाशी न ठेवता. हे काम कुणीतरी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मेट्रोनिडाझोलला साठहून अधिक वर्षं झाली, आणि त्याच कुळाबाहेरचं तोंडाने घ्यायचं दुसरं भरवशाचं औषध अजून आपल्या हाती नाही.

तोवर आहे ते नीट वापरायचं. बायकांसाठी आता एका मोठ्या डोसपेक्षा सात दिवसांचा कोर्स जास्त खात्रीचा मानतात, तेव्हा दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून पट्टी अर्धी ठेवू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. जोडीदाराचे उपचार त्याच आठवड्यात, आणि दोघांचे पूर्ण होऊन लक्षणं जाईपर्यंत संबंध नाही. तीन महिन्यांच्या आत पुन्हा एकदा तपासणी. आणि नमुना देताना विचारा, स्लाइड इथेच, आत्ताच पाहणार का.